गुणाची पोर

शिंपीणबाईंना आपल्या तीन वर्षांच्या लेकीचं भारी कौतुक. पोर म्हणजे अगदी गरीब गाय! हातात मोबाईल दिला की मागच्या खोलीतून हूं नाही की चूं नाही, आणि बाई पुढच्या खोलीत मशीन चालवायला मोकळ्या.

"अगं, तिला भांडी आपटू दे, माझ्याशी खेळू दे. अजून धड चार शब्द बोलत नाही पोर," सासू कुरकुरायची.

"तुमचं आपलं काहीतरीच! त्या खणखणाटानं डोकं उठतं माझं," बाई फटकारायच्या.

त्या दुपारीही आत सगळं शांत होतं. बाईंनी मनातल्या मनात हुश्श केलं आणि दोन सदरे हातावेगळे केले. मग चहा टाकायला आत गेल्या, तर सासू फरशीवर आडवी पडलेली, अंग गार झालेलं.

पोर शेजारी मांडी घालून बसली होती. रडत नव्हती, कुणाला हाक मारत नव्हती. मोबाईल बॅटरी संपून बाजूला काळा पडला होता. चार्जरची पिन मात्र तिनं आजीच्या मुठीत खुपसली होती, आणि आजी सुरू व्हायची वाट पाहत होती.