देवचंदचं मडकं

एप्रिलच्या शेवटी खारबर्डीच्या शाळेमागची सगळी मडकी फोडली, एक तेवढं राहिलं.

पण हे आत्ताच सांगायचं नव्हतं. तेव्हा कुणी काही फोडलेलं नाही असं धरून चला. साल सत्त्याऐंशी आहे, जुलै आहे, मडकी शाबूत आहेत आणि अभिमन सर सहावीच्या वर्गाला विचारताहेत, "वन म्हणजे काय?"

वर्गात कुणीच वन पाहिलेलं नव्हतं. खारबर्डी पारोळ्याहून एसटीनं अर्ध्या तासावर. गावात उभं राहून चारी दिशांना पाहिलं की चारी दिशा दिसायच्या, मध्ये काही यायचं नाही. शेवटी लोटन उठला. "सर, राम जठे गया तो."

"बस खाली," सर म्हणाले. "यंदा आपण इथंच वन करू. तो परत आला तर सावली होईल."

सामाजिक वनीकरणाच्या ट्रॅक्टरनं कडुलिंबाची रोपं आणून टाकली. सर नुकतेच जळगावहून प्रशिक्षण घेऊन आले होते. रोपाशेजारी मडकं पुरायचं, बुडाला बारीक भोक, भोकात चिंधीची वात, म्हणजे पाणी थेंब थेंब मुळाशी जातं. "उद्या येताना घरून एकेक भोक पाडलेलं मडकं आणा," एवढं सांगून सर निश्चिंत झाले. स्वतःच्या बायकोकडे त्यांनी असं मडकं कधी मागितलं नसावं.

लतानं मागितलं. तिची आई पार्वताबाई भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मडकाले भोक? आधी तुना डोकाले पाडस."

गावातल्या सगळ्या आया याच मताच्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी पोरं रिकाम्या हातानं शाळेकडे निघाली, तेव्हा लोटन म्हणाला, "भोक पाडेल मडका माले माहित शेत. वात बी शे."

नाल्याकाठी पिंपळ होता. माणूस गेलं की त्याच्या नावानं या पिंपळाला मडकं बांधायचे. बुडाला भोक, भोकात वात, खाली थेंब थेंब पाणी. गेलेल्याला वाटेत तहान लागते म्हणून दहा दिवस पाजायचं आणि दहाव्याला मडकं फोडायचं, म्हणजे तो मोकळा. पण खारबर्डीत दहाव्याला सगळ्यांना जेवायची घाई असे. मडकं फोडायचं राहून जाई. पिंपळ मडक्यांनी लगडलेला होता.

सरांनी जळगावला जाऊन शिकलेली वस्तू गावानं वर्षानुवर्षं तयार करून टांगून ठेवली होती.

पोरांनी पिंपळ उतरवला. लतानं बरोबर एकच मडकं उचललं. त्याच्या गळ्याला चुन्याचं बोट होतं, ते तिच्या आईचं. तिचे वडील देवचंद मे महिन्यात शेतात ऊन लागून गेले होते. पाण्याचा डबा बाभळीला टांगलेला होता आणि बाभूळ शेताच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथवर ते पोचले नाहीत. दुसऱ्याच कुणाच्या झाडाला बापानं पाणी घालावं हे लताला बरं दिसेना.

सरांनी मडकी पाहून वर्गाचं कौतुक केलं. "भोकं किती एकसारखी पाडलीत!"

दिवाळीपर्यंत सगळी रोपं जगली. असं पारोळा तालुक्यात कधी झालं नव्हतं. त्यामुळे साहजिकच संशय आला.

आधी उखर्डूआबाच्या मडक्याशेजारचं झाड खोकायला लागलं. आबा जाऊन दोन वर्षं झाली होती, पण सकाळी पहिली बिडी ओढायच्या वेळी वारा नसताना ते झाड मुळापासून हलायचं आणि खाकरायचं. सर म्हणाले, मावा पडलाय. त्यांनी फवारणी केली. खोकला वाढला. मग आबाची बायको भिकुबाई रोज येऊन झाडापुढे बसू लागली आणि जिवंतपणी सांगायचं राहिलेलं सांगू लागली. झाडाची पानं एका बाजूला वळली, तिच्या विरुद्ध.

नर्मदाबाईच्या झाडाशेजारी कुणाला बसता येईना. तिनं जन्मात कुणाला ओट्यावर बसू दिलं नव्हतं.

लताचं झाड तसलं काही करत नव्हतं. ते फक्त पाणी प्यायचं. बाकीची मडकी भरली की आठवडा पुरत. लता सकाळी हापशावरून कळशी आणून मडकं काठोकाठ भरायची आणि मधल्या सुट्टीत ते रिकामं असायचं.

"खाली मुरूम असेल," सर म्हणाले. त्यांनी कुदळीनं बाजूला खणून पाहिलं. खाली मुरूमच होता. कोरडा ठणठणीत. मग पाणी जातं कुठं, हे सरांनी विचारलं नाही. कुदळ तिथंच टाकून ते वर्गात गेले आणि त्यांनी भूगोल काढला.

लता मात्र मडक्याशी कान लावून बसायची. आत आवाज यायचा. गटक. मग जरा थांबून, गटक. तिला भीती वाटायची, पण उठून जायची त्याहून जास्त वाटायची. एवढं पिऊनही वडिलांची तहान भागत नव्हती. ती भागेपर्यंत मडकं भरायचं, बस. यापलीकडे तिला वनाशी काही घेणंदेणं नव्हतं.

एप्रिलमध्ये गावातले वडीलधारे आधारनाना काठी टेकत शाळेमागे आले. तासभर हिंडले. झाडांकडे पाहून दोघातिघांना त्यांनी नकळत रामराम घातला आणि मग ते चिडले.

"बठ्ठा लोके आठेच अडकी पडेल शेत! मडका फोडा. जाऊ द्या त्यासले."

रविवारी सकाळी गाव जमलं. एकेक मडकं उकरायचं, दगड घालायचा. फुटलं की वारा सुटल्यासारखं व्हायचं आणि झाड एकदम नुसतं झाड व्हायचं. भिकुबाईनं आबाचं मडकं कुणाला फोडू दिलं नाही. स्वतः दगड उचलला. "जाय आते," ती म्हणाली, "गह्यरा दिन राह्यना, दोन वरीस व्हई गयात." मग बराच वेळ ती खापऱ्या वेचत बसली.

शेवटी लताचं मडकं उरलं. ती त्याला मिठी घालून बसली होती.

"ऊठ व पोरी," नाना म्हणाले.

"त्यासले तहान लागेल शे."

"दहा दिनच पाजतस, बेटा. रीत शे."

"पन त्यासले कोठे माहित शे, दहा दिन व्हई गयात ते?"

नानांनी पार्वताबाईकडे पाहिलं. ती दगड घेऊन पुढे आली. लताला एका हातानं बाजूला सारलं, दगड वर नेला आणि थांबली.

गटक, मडकं म्हणालं. आणि मागून जीभ टाळूला लागल्याचा टक् असा आवाज.

देवचंद असाच प्यायचा. तांब्या वर धरून गटक, आणि मग टक्. लग्न झाल्यापासून तिनं त्या आवाजाबद्दल कटकट केली होती.

पार्वताबाईनं दगड खाली ठेवला. डोक्यावरचा पदर सारखा केला. "इतला लोकेसमोर," ती मडक्याकडे पाहून म्हणाली, "याले जराशी लाज नही." आणि कळशी उचलून हापशाकडे गेली.

मग कुणीतरी म्हणालं, जेवायची वेळ झाली. नाना काहीतरी पुटपुटले, पण सगळे निघाले तसे तेही निघाले. ते मडकं राहून गेलं.

तीन दिवसांनी हापसा आटायला लागला. दांडा खालीवर केला की आधी बराच वेळ वाराच यायचा. सरांनी वर्गात सांगितलं की सुट्टी लागली की फाटकाला कुलूप लागेल. टँकर सुरू होईल, पण तो माणसी एक हंडा. लतानं त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी शाळेमागच्या खिडकीकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

त्या दिवशी मराठीच्या तासाला सरांनी अर्जलेखन शिकवलं. लतानं नमुना नीट उतरून घेतला आणि घरी जाऊन स्वच्छ अक्षरात लिहिलं:

प्रति, मा. शिक्षणाधिकारी साहेब, जिल्हा परिषद, जळगाव.

विषय : चालू वर्षी मे महिना न घेणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करते की, माझे वडील कै. देवचंद हे शाळेच्या आवारात असून त्यांची तहान अद्याप भागलेली नाही. मे महिन्यात शाळा बंद, हापसा बंद, व टँकरचे पाणी फक्त हयात व्यक्तींस मिळते. गेल्या वर्षी मे महिना घेण्यात आला होता, त्याचा अनुभव चांगला नाही. तरी यंदा तीस एप्रिलनंतर थेट जून सुरू करण्यात यावा, ही नम्र विनंती.