पोळ्याच्या दिवशीचा अध्याय

दर्यापूरहून जीपने अर्ध्या तासावरच्या एका गावात नत्थुजी गुरुजी दर श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचत. शाळेत शिकवत होते तेव्हापासूनचा हा नेम. ओवी वाचायची, मग गावच्या बोलीत तिचा अर्थ सांगायचा. अर्थ सांगण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

२००४ साली पाऊस जो गेला तो फिरकलाच नाही. कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याएवढी होऊन वाळू लागली. देवळात मात्र माणसं मावत नव्हती. श्रावणाच्या शेवटाला पोथीत एका राजाची कथा आली. राज्यात दुष्काळ पडतो. राजा ऋषीला विचारतो, हे कोणाच्या पापानं? ऋषी म्हणतो, शोध. अध्याय तिथेच संपत होता.

गुरुजींनी पोथीवर हात ठेवून समोर पाहिलं. कोणी खोकतसुद्धा नव्हतं.

"आपल्या गावातही कोणाच्या तरी हातून काही झालं असंन," ते म्हणाले. "ज्यानं त्यानं आपल्या मनात पाहावं."

काही बायका रडल्या. आज आपण फार चांगलं बोललो असं घरी जाताना गुरुजींना वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोळा होता. सगळे बैल धुवायला गेलेले. पुढचा अध्याय गुरुजींनी तीन म्हाताऱ्यांपुढे भराभर वाचला, अर्थ न सांगता, आणि पोथी कापडात बांधली.

आदल्या दिवशी रडलेल्या बायकांत रामरावची बायको शकुन होती. तेव्हा पस्तिशीची. गावात लग्न असो की बारसं, गाणं तिचं. ती आल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. त्या श्रावणापासून ती गाईनाशी झाली. कोणी म्हणे गळा बसला, कोणी म्हणे मिजास चढली. गुरुजींच्याही कानावर आलं आणि ते विसरले.

अकरा वर्षांनी गुरुजींच्या नातीला, आचलला, मुलगी झाली. बारशाचं सांगायला गुरुजी स्वतः शकुनकडे गेले. ती ओसरीत तुरी निवडत होती.

"पाळणा तुलेच म्हणा लागते, शकुन."

"मी गात नाई, गुरुजी."

"काहून?"

तिने सुपातला एक खडा वेचून टाकला. "तुमीच तं सांगतलं होतं."

मग तिने सांगितलं. त्या वर्षी आषाढात सासरे वारले. सुतक असलं तरी तण थांबत नाही, म्हणून ती पाचव्या दिवशी निंदायला गेली, आणि काम करता करता तोंडून गाणं निघून गेलं. अर्धं कडवंच. शेजारणीने दटावलं तेव्हा ती भानावर आली. त्यानंतर पाऊस गेला. देवळात गुरुजी म्हणाले मनात पाहा, तिने पाहिलं, आणि तिला ते सापडलं.

"बरं झालं तुमी सांगतलं," ती म्हणाली. "नाईतं मले समजलंच नसतं. गावासाठी एवढं तं माह्याच्यानं झालं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

घरी येऊन त्यांनी पोथी काढली. पोळ्याच्या दिवशीचा अध्याय. राजा पापी शोधत घरोघर फिरतो आणि त्याला फक्त उपाशी माणसं भेटतात. तो परत येतो तेव्हा ऋषी म्हणतो, जेवढे दिवस पाप शोधलंस, तेवढे दिवस कोठार उघडं ठेवलं असतंस तर? ओव्या गुरुजींना पाठ होत्या. त्या दिवशी एक पान पुढे गेलं असतं तरी पुरलं असतं. पण देवळातली ती शांतता त्यांना आवडली होती.

ते पोथी घेऊनच पुन्हा शकुनकडे गेले. अध्याय वाचला, अर्थ सांगितला. तिने हात जोडून सगळं ऐकलं.

"म्हंजे माह्यं पाप नव्हतं?"

"नव्हतं. मीच चुकलो. अर्धी गोष्ट सांगतली."

शकुनने जोडलेले हात सोडले.

"माह्या दोन लेकींच्या हळदी झाल्या, गुरुजी. मी तोंड नाई उघडलं. मंग ते कायच्यासाठी?"

गुरुजींनी पोथी मिटली.

"ते पापच असू द्या," ती म्हणाली, आणि सूप जवळ ओढलं.

बारशाला ती आली. पाळण्याची दोरी तिने धरली, गाणं मोबाइलवर लावलं होतं.

पुढच्या श्रावणात गुरुजींनी दोन्ही अध्याय एका बैठकीत वाचले आणि आपली चूक सगळ्यांसमोर सांगितली. शकुनचं नाव घेतलं नाही. गुरुजी आता थकले, असं लोक म्हणाले. पुढे अर्थ सांगताना ते मधेच थांबत, "इथं मले नक्की समजत नाई," असं म्हणत. ऐकणारे कमी होत गेले. शकुन रोज येऊन खांबाजवळ बसे आणि प्रसाद घेऊन जाई. ती पुन्हा कधी गायली नाही, आणि तिला गा म्हणायची हिंमत गुरुजींना झाली नाही.