सत्तेचाळीस वाह

आमच्या ‘काव्यमळा’ या व्हॉट्सॲप गटाचा एक नियम होता. स्वतःची कविता टाकायच्या आधी दुसऱ्यांच्या पाच कवितांना दाद द्यायची. नियम केला होता ॲडमिन धर्मेंद्र सरांनी. ते अमरावतीला शिकवणी वर्ग चालवतात, त्यामुळे नियम करायची त्यांना सवय आहे. हेतू वाईट नव्हता. पण पाच ‘वाह’ टाकायला कविता वाचावीच लागते असं कुठे आहे?

मी अकोल्याच्या फुलबाजारात बसते. सकाळी एक हार संपवून दुसरा हातात घ्यायच्या आधी मी पाच दाद उरकत असे. ‘वाह’, ‘अप्रतिम’, ‘काळजाला भिडलं’, दोन अंगठे, एक गुलाब. मग माझी कविता. मग तिच्याखाली तेच अंगठे आणि तेच गुलाब परत. आमच्याकडे लग्नात साड्या फिरतात ना, या घरची त्या घरी आणि घडी न मोडता पुन्हा या घरी, तसं चाललं होतं. चार वर्षं मजेत चाललं होतं, खोटं कशाला बोलू?

गटात अचलपूरचे नत्थुजी होते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. रोज सकाळी सातच्या ठोक्याला त्यांची कविता यायची. समुद्र, गलबत, किनारा, लाटा. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, पण गाडी वेळेवर सोडायची सवय काही जात नव्हती.

फेब्रुवारीत एका मंगळवारी विषय होता ‘विरह’. त्या दिवशी सातला नत्थुजींची कविता आलीच नाही. आली ती अकराला, आणि नेहमीपेक्षा वेगळी.

आज सकाळी
हे गेले
चहा अर्धाच राह्यला
कप अजून
धुतला नाही
तुमी सारे यांचेच
म्हणून कळवलं

दादींचा पाऊस पडला. ‘स्त्रीमनात शिरून लिहिलंत, नत्थुजी!’ ‘वऱ्हाडी बोलीत विरह, क्या बात है!’ ‘शेवटच्या ओळीत कविता फारच उंचीवर गेली,’ असं धर्मेंद्र सरांनी लिहिलं. मी लिहिलं, ‘काळजाला भिडलं, नत्थुजी.’ दोन अंगठे, एक गुलाब. लगेच शेवंतीचं टोपलं पुढे ओढलं.

शुक्रवारी महिन्याच्या सर्वोत्कृष्ट कवितेचं सन्मानपत्र जाहीर झालं. नत्थुजींचा फोटो, भोवती सोनेरी वेल, खाली सरांची सही. सरांनी लिहिलं, ‘विजेत्या कवींनी आपलं मनोगत पाठवावं.’ दोन तासांनी नत्थुजींच्या नंबरवरून उत्तर आलं.

‘ते कसे पाठवतीन. ते मंगळवारीच गेले. सांगतलं होतं ना. मी मैनाबाई, त्यांची बायको.’

माझ्या हातातली सुई बोटात गेली. मी वर सरकून ती कविता पहिल्यांदा वाचली. होय, पहिल्यांदा. एका बाईने नवरा गेल्याचं कळवलं होतं आणि आम्ही सत्तेचाळीस जणांनी तिला वाह म्हटलं होतं. मला माझीच इतकी शिसारी आली की तासभर मी गिऱ्हाइकाकडे मान वर करून पाहू शकले नाही.

गटात कोणी बोलेना. एवढे शब्दप्रभू, सगळ्यांची दातखीळ बसली. संध्याकाळी धर्मेंद्र सर बोलले, आणि काय बोलले! ‘मृत्यूची चाहूल लागलेल्या कवीने पत्नीच्या भूमिकेतून लिहिलेली ही अखेरची रचना आहे. नियती किती क्रूर! आपल्या अमरावतीच्या संमेलनात नत्थुजींना हा सन्मान मरणोत्तर देण्यात येईल. वहिनींनी तो स्वीकारावा.’ लगेच खाली सुरू. ‘द्रष्टा कवी!’ ‘आधीच कळलं होतं त्यांना!’ सत्तेचाळीस जणांची अब्रू एका फटक्यात झाकली गेली. मेलेला माणूस नाही म्हणायला थोडाच येणार होता?

मी रविवारी दुकान बंद ठेवलं आणि अकोट, अंजनगाव करत अचलपूर गाठलं. मैनाबाई पुढच्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या. बारीक, काळ्यासावळ्या, साठीच्या पुढच्या. मी नाव सांगितलं.

“तूच का ते? काळजाले भिडलं वाली?”

“हो, काकू.”

“बस. गटातलं येनारं तूच पयलं मानूस.”

मी विचारलं, “काकू, तुम्ही ते गटावर कशाला टाकलं?”

“मंग कुठी टाकू? दिवसभर तुमच्यासंगच तं बोलत होते ते. जेवता जेवता बी फोन. नातेवाइकाईले पोरानं सांगतलं, तुमाले कोन सांगन?”

“पण असं... ओळी पाडून?”

“फोनवर असंच लिवतेत ना? हे दोन शबुद लिवत, की खाली जात. दोन शबुद, की खाली. चार वर्सं पाहून राह्यली मी. मले वाटलं तशीच रीत हाये.”

मी हसावं की रडावं? दोन्ही आलं. त्याही पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग एकदम थांबल्या. फोन माझ्यापुढे धरला.

“आता खरं सांग. वरवरचं नोको सांगू. चांगलं हाये काय हे?”

“काकू, मी तेव्हा वाचलंच नव्हतं.”

“ठाऊक हाये. वाचलं असतं तं आली असती. आता वाच.”

मी त्यांच्यासमोर बसून वाचलं. सात ओळी वाचायला मला बराच वेळ लागला. खिडकीत एक कप पालथा न घालता तसाच ठेवला होता, तळाला चहाचा वाळलेला डाग. मी म्हटलं, “चांगलं आहे. चार वर्षांत गटावर असं एकही आलं नाही.”

“यांच्याहून चांगलं?”

मेलेल्या माणसाच्या घरात बसून मी म्हटलं, “यांच्याहून.”

त्या रागावल्या नाहीत. मान हलवत राहिल्या. “मी म्हनत होती त्याईले. अवो, समुद्राचं काय लिवता, आपल्या बसचं लिवा, त्या परतवाड्याच्या बाईचं लिवा जिनं गाडीत बाळंत होऊन तुमचंच नाव पोराले ठेवलं. तं म्हनत, ते कविता नाई होत.” मग फोन पदराने पुसला. “आता हे म्हनून राह्यले, ते त्याईनंच लिवलं. पोरगा बी म्हन्ते, आई, बाबाचं नाव होऊन राह्यलं, होऊ दे. पन मी कावून होऊ देऊ? जन्मभर याईच्या नावानं पत्र आलं, याईच्या नावानं दिवाळीचा बोनस आला. म्या हू का चू केलं नाई. हे एक माह्यं हाये. माह्या मानसाच्या मरनाचं हाये. ते माह्याच नावानं पाह्यजे.”

बाई एवढं सरळ बोलली. मी घरी येईपर्यंत थांबले नाही, बसमध्येच गटावर लिहिलं: ‘ती कविता मैनाबाईंची आहे. नत्थुजी गेल्यावर त्यांनी लिहिली. सन्मानपत्रावर मैनाबाईंचं नाव हवं. आणि आपण सत्तेचाळीस जणांनी दाद दिली. त्यातल्या कोणीकोणी ती वाचली होती, त्यांनी सांगावं. मी वाचली नव्हती.’

पाच मिनिटांत सरांचा फोन. सर प्रमाण भाषेत चिडतात.

“दीपमालाताई, भावनेच्या भरात गटाची बदनामी करू नका. आणि जर ते त्या बाईंनी लिहिलं असेल, तर ती कविता नाहीच. ती निधनवार्ता आहे.”

“म्हणजे नत्थुजींनी लिहिली तर कविता आणि मैनाबाईंनी लिहिली तर बातमी?”

“साहित्यात भूमिका नावाची गोष्ट असते.”

“तिची भूमिका काय नाटकातली आहे का, सर? ती खरीखुरी विधवा झाली आहे.”

सरांनी सूर बदलला. मग मऊ आवाजात म्हणाले, “तुमच्या संग्रहाची प्रस्तावना माझ्याकडे आहे. याच संमेलनात प्रकाशन आहे. विचार करा.”

तो माझा पहिला संग्रह होता. सहा वर्षं हार ओवता ओवता जमवलेला. जीव तुटला, नाही असं नाही. पण त्या प्रस्तावनेतही ‘अप्रतिम’ आणि ‘काळजाला भिडणारं’ असंच असणार, न वाचताच लिहिलेलं, हे मला तेव्हा लख्ख कळलं. म्हटलं, “राहू द्या तुमच्याकडेच. माझं प्रकाशनही राहू द्या.”

फोन ठेवला तोवर मला गटातून काढलं होतं. काढायच्या आधी माझ्या प्रश्नाला एकच उत्तर आलेलं दिसलं. अकोटचे किसनराव, कापूस पिकवणारे, चार वर्षांत गुलाबाखेरीज ज्यांनी अक्षर लिहिलं नव्हतं, ते. ‘मी वाचली नवती. आज वाचली.’

तेरवी होऊन महिना उलटला. संमेलनाच्या दिवशी मैनाबाई पांढऱ्यावर बारीक ठिपक्यांचं लुगडं नेसून अचलपूरहून एकट्या अमरावतीला आल्या. मी स्टँडवर उभी होते. मुलाशी भांडण झालं होतं. वर्ष पुरं व्हायच्या आत बाईने सभेत जाऊ नये म्हणे. “म्या म्हटलं, तुह्या बापाचं पत्र घ्याले जाऊन राह्यली, तं कसा गप बसला,” त्या म्हणाल्या.

सभागृह भरलं होतं. सरांनी नत्थुजींवर सुरेख भाषण केलं. लाटा होत्या, किनारा होता, निघून गेलेलं गलबत होतं. मग वहिनींना मंचावर बोलावलं. शाल, श्रीफळ आणि काचेच्या चौकटीत सन्मानपत्र. ‘कै. नत्थुजी’ असं मोठ्या अक्षरांत. फोटोवाला पुढे आला.

मैनाबाईंनी शाल घेतली, श्रीफळ घेतलं. चौकटीला हात लावला नाही. माइककडे वळल्या.

“हे मी घेत नाई. हे यांचं नाई. मेलेलं मानूस आपला चहा अर्धा राह्यला, असं लिवते काय? तुमी शिकलेले लोक, तुमाले एवढं बी समजलं नाई?”

मागे कोणीतरी खुदकन हसलं. सर पुढे आले. “वहिनी, आपण नंतर बोलू...”

“नंतर नाई. मले वाचाचं हाये. पत्र देता तं वाचू बी द्या.”

एवढ्या लोकांदेखत विधवेच्या हातून माइक काढून घ्यायची सरांची छाती झाली नाही. मैनाबाईंनी पिशवीतून नत्थुजींचा फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरला.

“आज सकाळी. हे गेले.”

“वाह!” सभागृहातून आलं. एक, दोन, मग डावीकडून पाच-सहा. सवय हो, दुसरं काय. जित्याची खोड.

मैनाबाईंनी फोन खाली केला. “वाह कायचं? मानूस गेला म्हनून सांगून राह्यली मी. तवा बी वाह म्हनलं, आता बी वाह. तुमच्या घरी कोनी मेलं तं असंच म्हन्ता काय?”

मी पहिल्या रांगेत होते, माझी मान खाली गेली.

“पुन्यानं वाचतो. आईका.”

त्यांनी पहिल्यापासून वाचलं. भाषण न करता, घाई न करता. दोन शब्द, की थांबायचं. दोन शब्द, की थांबायचं. ‘तुमी सारे यांचेच’ला आवाज थोडा हलला, पण त्यांनी ओळ पुरी केली. मग फोन बंद केला आणि लोकांकडे पाहत उभ्या राहिल्या. सांगितल्याशिवाय जाणार नाही, अशा.

पाठ झालेले सगळे शब्द काढून घेतल्यावर आम्हा कवींकडे दुसरं काही नव्हतंच. शेवटी मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. टोपी हातात. मी चेहरा कधी पाहिला नव्हता, पण ओळखलं. किसनराव.

“वहिनी,” ते म्हणाले, “चहा अर्धाच काहून राह्यला?”

मैनाबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

“साखर कमी हाये म्हनाले. मी डबा आनाले आत गेली. चिडूनच गेली, खरं सांगतो. रोजचंच यांचं. डबा घेऊन आली, तं कप खाली ठेवला होता. नीट ठेवला होता, एक थेंब सांडू देला नाई.” त्या थांबल्या. “चमचा माह्या हातातच राह्यला.”

किसनरावांनी मान डोलावली आणि उभेच राहिले. त्यांच्या शेजारचा एक उठला. मग एक बाई. असं करत सगळं सभागृह उभं राहिलं, टाळी न वाजवता.

मैनाबाई सरांकडे वळल्या. सर चौकट छातीशी धरून उभे होते. त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा त्यांची दया आली.

“पेन हाये तुमच्यापाशी? काढा ते काचातून. याईचं नाव खोडा, खाली माह्यं लिवा. भेऊ नोका, ते रागावनार नाईत. बावीस वर्सं कंडक्टरी केली त्याईनं, एकाचं तिकीट दुसऱ्याले कधी देलं नाई.”

सरांनी चौकट टेबलावर पालथी घातली आणि मागच्या खिळ्या काढायला घेतल्या.