सुर्वेसाहेबांचं पिस्तूल

“गोळ्या पोलिसांनी काढून घेतल्यानी,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्टीलचा डबा काउंटरवरून धोंडू मेस्त्रींच्या पुढ्यात सरकवला. “मी काय हात लावलेला नाय.”

मेस्त्रींनी झाकण काढलं, आतला जुना टॉवेल उलगडला. नंबर वाचायची गरजच नव्हती. बारा वर्षांपूर्वी हे पिस्तूल नऊ दिवस त्यांच्याकडे दुरुस्तीला होतं आणि त्या नऊ दिवसांत ते धड जेवलेसुद्धा नव्हते.

“सुर्वेसाहेबांचं हे! जयगडचे ना? साहेब कुठं हायत?”

“मे महिन्यात गेले. झोपेतच. मी त्यांची बायको, यमुनाबाई.”

मेस्त्री ओशाळले. दोन शब्द बोलायला हवे होते, पण डोळे त्या वस्तूवरून हलेनात. बाईंनी पोलीस ठाण्याचं पत्र, मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना एकेक करून काढून ठेवला. परवानेदार गेला की शस्त्र घरात ठेवता येत नाही. एक तर पोलिसांकडे द्यायचं, नाही तर परवानाधारक दुकानात. रत्नागिरीत परटवण्याला मेस्त्रींचं, म्हणजे धोंडू पांचाळांचं, दुकान होतं. पाटीवर ‘शस्त्र दुरुस्ती व सुरक्षित ठेव’ असं लिहिलेलं. दुकान वडिलांपासूनचं, आणि येणारं गिऱ्हाईकही वडिलांपासूनचंच. भात पिकलं की रानडुकरं उतरतात, आंबा मोहरला की माकडं. मग शेतकरी एकनळी बंदुका घेऊन येत. घोडा अडकतो, दस्ता फुटलाय, नळीला गंज चढलाय. चाळीस वर्षं मेस्त्रींनी हेच केलं. नीट केलं, पण मन लावून करावं असं त्यात काही नव्हतं.

मन लागलं होतं ते या एका पिस्तुलावर.

“वैनी, हे काय हाय ते ठाऊक हाय तुम्हाला?” त्यांनी ते तळहातावर घेतलं. “बेल्जियमचं. शंभर वर्षं व्हायला आली. ज्यानं ह्याची रचना केली तो ब्राउनिंग अमेरिकेतला. बापाचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान, माझ्यासारखंच. तिथंच शिकला. त्याच्या आधी लोकांनी काय काय करून बघितलं. जर्मनांनी केलं त्याला गुडघ्यासारखा वाकणारा सांधा. दिसायला झोकदार, पण धूळ गेली की रुसलं. ह्यानं काय केलं? वरचा हा सगळा भाग नुसता मागं-पुढं सरकता ठेवला. गोळी उडाली की तिच्याच धक्क्यानं हा मागं जातो, रिकामं काडतूस बाहेर टाकतो. स्प्रिंग त्याला पुढं आणते, येता येता तो नवी गोळी आत घेतो. दुसरं कुणी काय करायचं नाय. आनि ती स्प्रिंग कुठं बसवलीन? नळीच्या भोवती! म्हणून एवढं बारीक झालं. बाहेर घोडा नाय, कोपरा नाय. खिशातनं काढताना कुठं अडकायचं नाय. आज जगभर जी पिस्तुलं निघतात, त्यातली बहुतेक ह्याच माणसाच्या वाटेनं गेलेली.”

ते थांबले तेव्हा लक्षात आलं की बाई अजून उभ्याच आहेत.

“बसा ना वैनी.”

“नको. मोडायला काय करायला लागतं?”

“मोडायला? हे सगळं सुटं होतं, एक मिनिट लागत नाय.”

“तसं नाय. कापून टाकायला. परत जोडता येणार नाय असं.”

मेस्त्रींना वाटलं, ऐकण्यात काही तरी चूक झाली. मुलांच्या नावावर करता येईल, त्यांनी सांगितलं. एकच मुलगी, मृणाली, ठाण्याला, तिला नको, बाई म्हणाल्या. मग विकता येईल. बाहेरून अशी पिस्तुलं यायची कधीच बंद झालीत, शौकीन माणसं डोळ्यांत तेल घालून शोधत असतात. यमुनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पदर सारखा केला.

“मी कलेक्टर कचेरीत ते मोडायचा अर्ज दिलाय. ते म्हणाले, दुकानदाराचं पत्र लागेल. कुठली बनावट, काय नंबर, कशा अवस्थेत हाय ते. तेवढं लिहून द्या. सोमवारी येते.”

सोमवारी त्या आल्या. पत्र तयार नव्हतं. लेटरहेड संपलंय, मेस्त्री म्हणाले. गुरुवारी म्हणाले, नंबर एकदा पडताळायला हवा. दोन्ही खोटं होतं. जयगडहून एसटीने यायला दीड-दोन तास, जायला तेवढेच, आणि बाई एका शब्दाने रागावल्या नाहीत. “बरं, परत येते,” एवढंच म्हणाल्या. मेस्त्रींना त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांचं कशातच लक्ष लागेना. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि ते उठून तिजोरी उघडून बघायचे. एका शेतकऱ्याला त्यांनी दुसऱ्याचीच बंदूक दिली. तो दारापर्यंत जाऊन हसत परत आला. घरी जेवताना बायकोने, हौसाने, ताटाकडे बोट दाखवलं.

“माशाचे काटे कसले रांगेत लावताय? जेवताय की बंदूक खोलताय?”

“कापायची म्हणते ती बाई. तसली वस्तू, कापायची!”

“तिची हाय, ती कापील. तुमच्या पोटात का दुखतंय?”

त्या पिस्तुलात त्यांची स्वतःची एक स्प्रिंग होती. सुर्वेसाहेब आले होते तेव्हा गोळी उडत नव्हती. गोळीच्या बुडावर आपटणारी जी आतली ठोकणी, तिला पुढे ढकलणारी स्प्रिंग थकली होती. मूळ स्प्रिंग देशात कुठे मिळेना, म्हणून मेस्त्रींनी पोलादी तारेची सात वेळा वळून बघितली. सहा फुकट गेल्या. सातवी बसली तेव्हा जो बारीक, कोरडा खटका वाजला, तो ऐकून ते दुकानात एकटेच हसले होते. साहेबांकडून त्यांनी मजुरीही घेतली नव्हती. चाळीस वर्षांत ब्राउनिंगच्या शेजारी बसून केलेलं असं तेवढंच एक काम.

शेवटी त्यांनी कोल्हापूरच्या एका ओळखीच्या शौकिनाला फोन केला. तो तिथल्या तिथे हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून मेस्त्रींनी जयगडची गाडी पकडली. ऑक्टोबरचं ऊन काचेतून भाजत होतं. आरे-वारेच्या चढावर लोक आपापल्या गाड्यांतून उतरून समुद्राचे फोटो काढत होते. मेस्त्री मनात एकच वाक्य घोळवत होते : वैनी, तुमच्या डोळ्यांपुढं राहणार नाय, पण राहील तरी.

यमुनाबाई अंगणात सुकी मच्छी उलटी करत होत्या. त्यांनी हात धुतले, मेस्त्रींना पडवीत बसवलं, कोकम सरबत दिलं. मेस्त्रींनी ठरवलेलं सगळं सांगितलं. कोल्हापूरचा माणूस कसा भला आहे, काचेच्या कपाटात कसं ठेवील, वर्षातून एकदा मेस्त्री स्वतः जाऊन कसं तेलपाणी करतील.

“झालं सांगून?” त्या म्हणाल्या. “आता मी सांगते. हे बोटीवरची नोकरी संपवून कायमचे घरी आले तेव्हापासनं ते पिस्तूल रोज जेवणाच्या टेबलावर असायचं. ताटाच्या उजव्या बाजूला. कधी रोखलं नाय. कधी धमकी नाय. नुसतं असायचं. आमटीत मीठ कमी झालं की ताट सरकवायचे नाय, पिस्तूल सरकवायचे. बोटभर. माझ्या बाजूला.”

मेस्त्रींनी सरबताचा पेला खाली ठेवला.

“मृणाली कॉलेजला गेली ती परत राहायला आलीच नाय. बावीस वर्षं मी त्या टेबलावर बसून जेवले, पन काय जेवले ते विचारू नका. मध्ये एकदा ते बिघडलं. ह्यांनी कावळ्यावर झाडलं, तर नुसतंच खट्. दोनदा, तीनदा. गड्याच्या समोर. मग कपाटात टाकून दिलं. मोडकी वस्तू ह्यांना पुढ्यात नको व्हायची. अकरा महिने कपाटात होतं, मेस्त्री. मी मोजलेले. त्या अकरा महिन्यांत मी दोनदा माहेरी जाऊन आले. एकदा तर ह्यांना उलट बोलले. मग ह्यांना कुणी तरी रत्नागिरीचं दुकान सांगितलं.”

बाहेर बंदराकडे जाणारा ट्रक खडखडत गेला.

“हसत आले त्या दिवशी. म्हणाले, धोंडू मेस्त्री म्हणजे देवमाणूस, पैसासुद्धा घेतलान नाय.”

“मी विचारलं होतं त्यांना,” मेस्त्री म्हणाले. “साहेब, वापर होतो का, म्हणून. ते म्हणाले, रोज होतो. मला वाटलं, गंमत करतायत.”

“तुम्हाला काय ठाऊक असणार.”

“तुमी मला शिव्या घालायला आल्या असत्या तर…”

“शिव्या कशाला? पोलिसांकडं पन देता आलं असतं. मीच म्हटलं, तुमच्याकडं देते. चांगलं केलंत ते तुमी. मोडायलाही तुमीच असावं असं वाटलं.”

परतीच्या गाडीत मेस्त्री खिडकीजवळ बसले, पण समुद्र कधी आला आणि गेला ते त्यांना कळलं नाही. घरी न जाता ते दुकानात गेले आणि पत्र लिहिलं. बनावट, नंबर, वर्ष. ‘अवस्था’ या शब्दापुढे पेन बराच वेळ थांबलं. शेवटी त्यांनी लिहिलं : चालू.

मंजुरी यायला महिना लागला. कापायचं ते पोलिसांच्या समोरच, अशी अट होती. पोलीस मुख्यालयाच्या वर्कशॉपमध्ये शस्त्रं सांभाळणारा हवालदार दर्शन मेस्त्रींच्या चांगल्या ओळखीचा होता. त्याने पिस्तूल हातात फिरवून बघितलं, दोन पंचांच्या आणि यमुनाबाईंच्या सह्या घेतल्या आणि मान हलवली.

“मेस्त्री, असा पीस परत बघायला नाय मिळणार. कापायला जीव होत नाय ओ.”

“दे इकडं.”

मेस्त्रींनी ते वर्तमानपत्रावर ठेवून खोललं. मॅगझिन काढलं, पुढची कडी फिरवली, नळीवरची स्प्रिंग उतरवली, सरकता भाग ओढून घेतला. हात आपोआप चालत होते आणि त्याचीच त्यांना लाज वाटत होती. तुकडे एका ओळीत मांडून झाल्यावर यमुनाबाई पुढे आल्या. पहिल्यांदाच त्यांनी हात लावला. नळी चिमटीत उचलली, आरपार उजेड बघितला आणि परत ठेवली.

“एवढंच असतं होय आत?”

“एवढंच, वैनी.”

दर्शनने गॅस कटर पेटवला. मेस्त्रींनी त्याच्या हातातून तो घेतला, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. सांगाडा तीन ठिकाणी कापला, मग नळी, मग सरकता भाग. पोलाद चांगलं होतं. वेळ लागला. ठोकणीची स्प्रिंग त्यांनी सगळ्यात शेवटी धरली. ती लाल झाली आणि थेंबासारखी गळून पडली.

एसटी स्टँडवर दोघं कॅन्टीनमध्ये शिरले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. यमुनाबाईंनी वडा-उसळ मागवली, मेस्त्रींनी नुसता चहा. हाताला जळक्या तेलाचा वास येत होता, म्हणून त्यांनी हात टेबलाखाली ठेवले. चहावर साय धरली. बाई सावकाश खात होत्या. वडा मोडून उसळीत बुडवत होत्या, तिखट लागलं की पाणी पीत होत्या, रस्सा परत मागून घेत होत्या.

बाहेर जयगडची गाडी लागली. कंडक्टरने दोनदा हाक दिली.

“वैनी, गाडी.”

यमुनाबाईंनी दाराकडे बघितलं. मग पोऱ्याला हाक मारून आणखी एक पाव सांगितला.

“जाऊ दे ती,” त्या म्हणाल्या. “माझं जेवण नाय झालं अजून.”