माया किती सोडू?

ज्या बँकेला दार नाही, तिच्यात मी पैसे ठेवणार नाही, हे मी मुलाला तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा तो टॅब घेऊनच आला आणि टेबलावर माझ्यासमोर उभा करून ठेवला. रविवारची दुपार होती, जेवणं झाली होती, म्हणजे मला उठून जायला निमित्तही नव्हतं.

"आई, दार नाही म्हणूनच तर व्याज जास्त देतात. इमारत नाही, भाडं नाही, काउंटरवर माणूस नाही."

"आणि बुडाली तर मी नरडं कुणाचं धरू?"

"अगं, सरकारची हमी असते ठेवीला."

"सरकारला दार आहे. पण आत कोणी जागेवर नसतं."

सून हसली. ती दातांच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघते, म्हणून माझ्या तोंडाला घाबरत नाही. म्हणाली, "आई, तुम्ही पैसे उशीत शिवून ठेवा. शिलाईचा खर्चही वाचेल."

"उशीत ठेवले तर तुझ्या हाती लागतील."

पैसे दुकानाचे होते. मी आणि मास्तरांनी एकेचाळीस वर्षं शिवणकामाचं दुकान चालवलं. मास्तर म्हणजे माझा नवरा. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, मग मीही म्हणायला लागले. ते कापड बेतायचे, मी शिवायची. ते गेल्यावर सहा वर्षं मी एकटीने ओढलं, मग डोळ्यांनी सुईचं नाक दिसेना म्हणून गेल्या महिन्यात विकलं. कोपऱ्यावरची आमची बँकही तेवढ्यात बंद झाली. तिथे आता चपला मिळतात.

ते पैसे माझे एकटीचे होते. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याचं काम आहे. माझ्या खात्यात मी कधी कुणाचं नाव जोडलं नाही, मास्तरांचंही नाही. लोक नावं ठेवायचे. ठेवू देत. दुसऱ्याच्या सहीसाठी ताटकळत बसणारी बाई मी नव्हे.

मी वाचते, पण बोट ठेवून, अक्षर अक्षर करत. म्हणून मुलाने टॅबवर आवाज लावला होता. जे पडद्यावर येईल ते टॅब बोलून दाखवायचा. बाईचा आवाज. गोड नव्हता, कडूही नव्हता. नुकत्याच उलगडलेल्या कोऱ्या कापडासारखा, कशाचाच वास नसलेला.

आवाजाने दर सांगितले. एक वर्षाला इतका, दोनला त्याहून थोडा जास्त, पाचला सगळ्यात जास्त. एकदा ठरला की मुदत संपेपर्यंत दर बदलणार नाही. बाजारात काहीही होवो, वर नाही, खाली नाही. पण मधे मोडता येणार नाही.

"म्हणजे मी मेले तरी नाही?"

"आई, काय बोलतेस."

"व्यवहाराचं बोलते. मी एकच वर्ष घेणार. पाच वर्षं पैसे अडकवून पन्नास रुपड्यांसाठी तुझ्या बायकोपुढे हात पसरू?"

"पसरा हो," सून म्हणाली, "मी पावती घेऊन देईन."

मग चेहरा दाखवायचा होता. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, हनुवटी वर. मी इतकी वर्षं हेच लोकांना सांगत आले. खांदे सैल सोडा, श्वास रोखू नका. आता पहिल्यांदाच कोणीतरी माझं माप घेत होतं, आणि मला ते आवडलं नाही. माप घेणाऱ्याचे हात दिसले पाहिजेत.

आवाज म्हणाला, "एक वर्ष." मग जरा थांबला आणि म्हणाला, "माया किती सोडू?"

मी टॅबपासून मागे सरले.

शिवणकाम न करणाऱ्यांसाठी सांगते. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दडवून ठेवतात, त्याला माया म्हणतात. माणूस जाड झाला, पोर वाढलं, तर शिवण उसवायची आणि ती माया बाहेर काढायची. कापडावर कात्री लावण्याआधी मास्तर प्रत्येकाला विचारायचे, "माया किती सोडू?" माणसं म्हणायची, दोन बोटं सोडा मास्तर, पोट ऐकत नाही. बायका म्हणायच्या, सोडूच नका, मी बारीक होणार आहे. मास्तर तरी सोडायचे.

पण कधीकधी ते विचारायचेच नाहीत. काहीतरी गुणगुणत सरळ खडूच्या रेघेवर कात्री चालवायचे. कडेला दोरा धरायलाही जागा नाही. मी ओरडायची, "अहो, माया कुठंय? हे मी शिवू कशी?" ते कापडाकडे असे बघायचे जणू दुसऱ्याच कोणी कापलं आहे. "राहिलं वाटतं," म्हणायचे.

पहिल्यांदा झालं तेव्हा तो माणूस दोन महिन्यांत गेला. धडधाकट होता, गवंडी होता. दुसऱ्यांदा झालं तेव्हा मी मनात नोंद ठेवली. चार माणसं मी मोजली, वर्षाच्या आत चारही गेली. मास्तरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांचा हात कायमचा थरथरला असता, आणि खायचं काय?

पाचवी होती समोरच्या बेकरीवाल्याची बायको. तिचा लांब कोट. मास्तरांनी विचारलं नाही, रेघेवर कापलं. तिला तीन लहान पोरं होती. मी काय केलं, माझा स्वतःचा हिवाळ्याचा कोट उसवला, त्यातली माया कापून काढली आणि तिच्या कोटाला आतून जोड दिला. रंग वेगळा होता, पण आत कोण बघतंय? बेकरीवाली अजून जिवंत आहे. मुंग्यांना सुद्धा शिव्या घालते इतकी ठणठणीत. मी मात्र तो हिवाळा अंथरुणात काढला, आणि डॉक्टरला शेवटपर्यंत काय झालं होतं ते सापडलं नाही.

मास्तरांनी शेवटचा बेतला तो त्यांचाच सदरा. मी माहेरी गेले होते. परत आले तोवर शिवूनही झाला होता, त्यांनी स्वतः शिवला होता. रेघेवर.

हे सगळं मी कुणाला बोलले नव्हते. आणि आता दार नसलेल्या बँकेतली बाई मला विचारत होती.

"काय म्हणाली ही?" मी विचारलं.

"विचारतेय, किती रक्कम हाताशी ठेवायची," मुलगा म्हणाला. "सगळी अडकवायची नसेल तर थोडी बाजूला ठेवता येते. सांग किती."

"तू काय ऐकलंस?" मी सुनेला विचारलं.

"तेच. हाताशी किती ठेवायचे. आई, चेहरा का उतरला तुमचा?"

"कान तपासायला हवेत माझे," मी म्हटलं. "माझं राहू दे. आधी तुम्ही दोघं तुमचं करा, मी बघते. फसवणूक असेल तर आधी तुमची होऊ दे."

त्यांचेही थोडे पैसे होते, वेगवेगळे. सुनेने आधी केलं. चेहरा दाखवला, दोन वर्षं घेतली. आवाज थांबला आणि म्हणाला, "माया किती सोडू?" सून म्हणाली, चौथा हिस्सा. झालं. मला बरं वाटलं. विचारते आहे म्हणजे ठीक आहे.

मग मुलगा बसला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. उंच इमारतींच्या विहिरीसारख्या पोकळीत उतरायचं, वर टांगलेली लिफ्ट, खाली हा. डावीकडे बघा. उजवीकडे बघा. हनुवटी वर.

"पूर्ण रक्कम. पाच वर्षं," आवाज म्हणाला. "पुढे जायचं?"

थांबलाच नाही. विचारलंच नाही.

"पुन्हा कर," मी म्हटलं.

"का? झालं की."

"पुन्हा कर म्हणते ना."

त्याने पुन्हा केलं. पूर्ण रक्कम, पाच वर्षं, पुढे जायचं? मी म्हटलं, एक वर्ष दाब. दाबलं. पूर्ण रक्कम, एक वर्ष, पुढे जायचं?

"तुला का नाही विचारलं? हाताशी किती म्हणून?"

"माझी रक्कम छोटी आहे, म्हणून नसेल विचारत." त्याने खांदे उडवले. "मशीन आहे आई. राहिलं असेल."

राहिलं असेल. बाप म्हणायचा तसंच, त्याच सुरात.

मी उठले, पाणी प्यायले. खिडकीतून समोरची बेकरी दिसते. ती बाई दारात उभी राहून कुणालातरी झाडत होती. तिच्या अंगावर तोच कोट होता, तीस वर्षं झाली तरी. मी तिच्याकडे बघितलं आणि परत येऊन बसले.

"जॉईंट खातं होतं का यात?"

मुलाने माझ्याकडे असं बघितलं जणू मी नाचायला लागले. "तुझं? कुणाबरोबर?"

"शेजारच्या कुत्र्याबरोबर. तुझ्याबरोबर, आणखी कुणाबरोबर?"

"आई, तुझे पैसे तुझ्याच नावावर राहू देत. बाबांनाही तू कधी..."

"बाबांना नाही जोडलं, ते चुकलं. एकदा चुकले, दोनदा चुकायला मी काही तुझी मावशी नाही."

सून पुढे सरकली. मग हळूच म्हणाली, "आई, आम्ही मागितले नाहीत हं. उद्या तुम्ही म्हणाल, पोरानं टॅब दाखवून दुकान खाल्लं."

तिचा मुद्दा बरोबर होता. मी एरवी नक्की म्हटलं असतं.

"नाही म्हणणार," मी म्हटलं. "तू साक्षीला आहेस. तुझं आणि माझं पटत नाही, त्यामुळे तुझ्या साक्षीवर लोक विश्वास ठेवतील."

मुलाने त्याचं रद्द केलं, माझं अर्धवट होतं ते पुसलं, आणि नवीन उघडलं. दोघांचे चेहरे, गालाला गाल लावून, कारण पडद्याच्या चौकटीत मावत नव्हतो. त्याची दाढी टोचली. लहानपणानंतर तो इतका जवळ आला नव्हता.

"मुदत?" आवाजाने विचारलं.

"पाच वर्षं," मी म्हटलं.

"तू तर एक म्हणत होतीस," मुलगा म्हणाला.

"मधे मोडता येत नाही ना? कुणालाच?"

"नाही. बँकेलाही नाही."

"मग पाच."

आवाज थांबला. या वेळी इतका वेळ थांबला की मुलाने टॅब हलवून बघितला. मग आला, पण हळू, कुणी कानाशी वाकून बोलावं तसा.

"माया किती सोडू?"

माझ्या छातीत धस्स झालं, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

"सांग," मुलगा म्हणाला. "हाताशी किती ठेवायचे?"

"दोन बोटं," मी म्हटलं.

"आकडा लागतो, आई."

"तू घाल काहीतरी."

त्याने घातला. मला वाटलं संपलं, पण आवाज पुन्हा आला. "कुणाच्या कापडातून?"

मुलगा आणि सून पडद्याकडे बघत होते, त्यांच्यासाठी तिथे काहीतरी साधंच लिहिलेलं असणार. पहिला खातेदार कोण, असं काही.

"माझ्या," मी म्हटलं.

"पुढे जायचं?"

"चल."

आता पुढचं. ही गोष्ट तीन महिन्यांनंतरची. मुलगा एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरला होता. फोन वाजला. खाली नीट ऐकू येईना म्हणून शिडीने वर आला. फोनवर तीच बँक, तोच आवाज. दुसऱ्या खातेदाराची खात्री करायची आहे, म्हणाला. "मी बोलतोय," हा म्हणाला. तेवढ्यात मागे प्रचंड आवाज झाला. लिफ्टला तोलून धरणारं वजन वरून तुटून हा होता तिथे पडलं होतं. शिडीसुद्धा ओळखू येईना.

घरी आला तेव्हा पांढराफटक पडला होता. सून त्याच्या गळ्यात पडून रडत होती. रडता रडता माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, जॉईंट नसतं तर त्यांनी फोनच केला नसता."

"म्हणून सांगते, माझं ऐकत जा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मुलाने नंतर बँकेला विचारलं, कसली खात्री करायची होती? त्यांनी कळवलं की त्या दिवशी बँकेकडून कुठलाही फोन गेलेला नाही.



माझे कपडे मात्र सैल व्हायला लागले आहेत. खाते तेवढंच, झोपते तेवढीच. डॉक्टर म्हणतो, रिपोर्ट चांगले आहेत. परवा थंडी वाढली म्हणून मी कपाटातून माझा हिवाळ्याचा कोट काढला, बेकरीवालीच्या प्रकारानंतर नवा शिवला होता तो. त्यात मी स्वतःच्या हातांनी दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं माया सोडली होती. इतकी कुणीच सोडत नाही, पण मी शहाणी झाले होते. म्हटलं, तोही सैल झालाय, शिवण आत घेऊ. भिंग लावून शिवण उसवली.

आत काही नव्हतं. कापड खडूच्या रेघेवर कापलेलं होतं, दोरा धरायलाही जागा नाही. आणि कापलेली कड इतकी सरळ होती, की असा हात मी आयुष्यात एकाचाच पाहिला आहे.

मी सुई ओवून मागितली. सुनेने दिली, का म्हणून विचारलं नाही. शिवण मी परत घातली, बारीक, हातानेच. बसली कशीबशी.

हरकत नाही. मला कुठे आता अंगाने वाढायचं आहे. आणि मधे मोडता येत नाही, हे मी विचारून घेतलेलं आहे.