तिसरा भाग कुठून आला?

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझी काच कोपऱ्यात तडकलीय, बॅटरी तासाभरात मान टाकते, आणि सध्या मी टेबलाच्या खणात सुट्या बटणांच्या आणि वाळलेल्या पेनांच्या सोबतीला पडून असतो. तुम्ही माझी कीव करावी म्हणून हे सांगत नाहीये. मला एक गोष्ट कबूल करायचीय. कधीपासून ती सलतेय.

माझा जन्म एका लांबच लांब हॉलमध्ये झाला. तिथं हातमोजे घातलेल्या बायका रांगेत बसायच्या. एकीनं स्क्रू बसवले, दुसरीनं काच पुसली, तिसरीनं मला उजेडाकडे धरून म्हटलं, "हं, चांगला झालाय." ते माझं पहिलं कौतुक.

मग मी एका नर्सकडे आलो. घरात ती आणि तिची आठ वर्षांची मुलगी, दोघीच. नर्स मला रुमालानं पुसायची, उशाशी ठेवायची. तिला ड्युटीसाठी उठवायचं काम माझं. फोटो तर असे काढायचो की शेजारीण म्हणाली, "अगं बाई, यात मी चक्क बारीक दिसतेय!" मी फुगून जायचो.

मुलगी एका जागी बसायचीच नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. शाळेतून चिठ्ठी आली, वाचनात मागे आहे. अक्षरं येत होती तिला. पण तीन ओळी झाल्या की डोळे खिडकीबाहेर. आईनं समजावलं, धाक दाखवला, सगळं करून झालं. शेवटी एका संध्याकाळी ती भिंगरीला घेऊन कोपऱ्यावरच्या पुस्तकांच्या दुकानात शिरली. मी हातात होतो.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. तीन बाजूंना छतापर्यंत फळ्या, मध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. पुस्तकवाले काका साठीच्या पुढचे. त्यांनी आईला काहीच विचारलं नाही. भिंगरीला विचारलं, "तुला कशाचा कंटाळा येतो गं?"

"पुस्तकांचा."

आईनं कपाळाला हात लावला. काका मात्र हसले. "मग बरोबर ठिकाणी आलीस. कंटाळवाणी पुस्तकं माझ्याकडे ढिगानं आहेत. आपण एकेक बाद करू."

काकांची रीतच तशी होती. पुस्तक घरी न्यायचं, चार दिवस बघायचं, नाही पटलं तर परत आणायचं. अट एकच. कंटाळा कुठल्या पानावर आला ते सांगायचं.

भिंगरीनं पहिलं पुस्तक पान सहावर सोडलं. दुसरं पान दोनवर. "यात सगळेच शहाण्यासारखे वागतात," ती म्हणाली. काकांनी गंभीरपणे मान डोलावली आणि पुन्हा शिडी चढले. तिसरं पुस्तक पान एकोणीसवर. "प्रगती आहे!" काका म्हणाले. चौथं होतं जहाजावर लपून बसलेल्या एका शेळीचं.

त्याचं पान सांगायला भिंगरी गेलीच नाही. ती जेवतानाही पुस्तक मांडीवर घेऊन बसली. आई दारात उभी राहून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी आईनं ते पुस्तक विकत घेतलं. शेळीच्या गोष्टीचे एकूण सहा भाग होते. काका म्हणाले, "पुढचे पाच मागवतो. आठवडा लागेल."

आणि इथं मी आलो.

काका शिडीवर पाठमोरे होते. आईनं मला वर उचललं आणि पुस्तकाच्या मागच्या पानावर, सगळ्या भागांच्या यादीवर धरलं. माझा आवाज तिनं आधीच बंद केला होता. मी फोटो काढला. तिथंच, त्यांच्या पंख्याखाली, मी एका बलाढ्य ऑनलाइन दुकानात ती नावं शोधली. स्वस्त होती. उद्याच घरपोच. आईनं एकदा अंगठा दाबला, झालं.

"येते हं काका."

"या या. भाग आले की सांगतो."

फोटो एकदम स्वच्छ आला होता, मित्रांनो. एक अक्षर हललं नव्हतं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला. हेच सांगायला जड जातं.

दहा-बारा दिवसांनी दोघी पुन्हा दुकानात गेल्या. भिंगरी दारातूनच ओरडली, "आजोबा, तिसरा भाग संपला! शेळी कप्तानाची टोपी खाते!"

काका टेबलाखालून सुतळीनं बांधलेलं एक पुडकं वर काढत होते. ते अर्धं वर आलं होतं. वरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'भिंगरी, भाग दोन ते सहा'.

हात तिथंच थांबला.

"तिसरा?" त्यांनी विचारलं. "तिसरा कुठून आला?"

"खोक्यातून! घरी आलं खोकं. आत फट फट फोडायचा कागद पण होता."

काकांनी आईकडे बघितलं. मग तिच्या हातातल्या माझ्याकडे. मग पुडकं हळूच परत खाली सरकवलं.

"अरे वा," ते भिंगरीला म्हणाले. "टोपी पचली का मग तिला?"

एक वाकडा शब्द नाही. एखादा टोमणा मारला असता तरी बरं वाटलं असतं. आईचे कान लालबुंद झाले. मी उलटा फिरून तिच्या तळहातात तोंड खुपसलं असतं, जमत असतं तर.

त्यानंतर आईनं तो रस्ताच टाकला. भिंगरी विचारायची, "आपण आजोबांकडे का जात नाही?"

"वेळ कुठं असतो गं?"

वेळ होता. घड्याळ माझ्याकडेच होतं. काकांनी एकदा फोनही केला. त्यांचं नाव माझ्या काचेवर उजळलं आणि आईनं मला पालथं ठेवलं. मी थरथरत राहिलो, मग गप्प झालो.

सहा भाग संपल्यावर मी पुस्तकं सुचवू लागलो. शेळीचं वाचलंत? मग हे बकरीचं घ्या. हे अजून एका शेळीचं. खोकी येत राहिली. भिंगरी सगळी पान दोनवर सोडायची, आणि कुठलं पान ते विचारणारं कुणी नव्हतं.

आठ महिन्यांनी तिनं हट्टच धरला. "मला आजोबांना पान सांगायचंय." आई निघाली.

दुकानाच्या फळ्या रिकाम्या होत्या. काका जमिनीवर बसून गठ्ठे बांधत होते.

"सिस्टर! या. बसा म्हणालो असतो, पण स्टूल सकाळीच गेलं."

आई उभ्या उभ्याच बोलली. "काका, ते भाग मी इथंच उभं राहून, फोटो काढून मागवले होते. तुम्ही शिडीवर होता तेव्हा."

"माहितेय की. तुम्ही एकट्याच का? रोज चार-पाच जण यायचे. दुकान सगळ्यांना आवडायचं हो. पुस्तकं तेवढी दुसरीकडून."

"खूप राग आला असेल."

"फोटोचा आला, दोन दिवस. मग वाट बघितली. पोरीला सहाव्या भागानंतर काय द्यायचं ते काढून ठेवलं होतं. तुम्ही यायचंच थांबलात."

"आता सगळं इथूनच घेऊ आम्ही. खरंच. थोडं थांबता नाही येणार?"

"परवा मालकाला किल्ली द्यायचीय, सिस्टर."

"मग मला पान कोण विचारणार?" भिंगरी म्हणाली.

काकांनी बांधलेली गाठ सोडली आणि तीच पुन्हा बांधली.

त्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. माझ्यासारख्यांची.

मित्रांनो, आईला नावं ठेवू नका. दोन-दोन ड्युट्या करणाऱ्या बाईला स्वस्त दिसलं, तिनं घेतलं. पण काकांची शिडी, त्यांचे दिवस, त्यांचं डोकं, हे आम्ही फुकट वापरलं आणि खरेदी दुसरीकडे केली. तुमच्या कोपऱ्यावर असं दुकान अजून उघडं असेल तर आजच जा. जे तिथं सापडलं ते तिथूनच घ्या. चार दिवस थांबावं लागलं तर थांबा. आमच्यासारखं काही करून बसला असाल, तर लाजेनं घरात दडून राहू नका. आम्ही दडलो आणि तेवढ्यात दुकान गेलं.

आणि आत शिरताना तुमचा मोबाईल खिशातच असू द्या. तो वाजेल, थरथरेल, हट्ट करेल. करू द्या.