रफाएलचा एक हंगाम

आधी आवाज येई. बहरीनमधल्या मीना सलमान बंदराच्या गोदामांमागे पहाटेचा दमट गारवा अजून वाळूवर रेंगाळत असे, दूर सित्राच्या रिफायनरीची ज्योत उजाडत्या आभाळात फिकी होत जाई, आणि त्या निःशब्दतेत दोनतीन धावती पावलं वाजून चामड्यावर पायाचा एक भरीव ठोका पडे. रफाएलला मी चेहऱ्याआधी त्या ठोक्याने ओळखू लागलो. तिथल्याच एका गोदामात मी स्टोअरकीपर होतो. शुक्रवारच्या सुट्टीलाही माझे डोळे मेले कामाच्याच वेळेला उघडत, आणि पाय मोकळे करायला निघालो की वाट आपोआप त्या आवाजाकडे वळे.

उत्तर मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखातला हा माणूस जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता. उंची बेताची, खांदे रुंद, रंग आमच्या वसईच्या वाडीवाल्यांसारखा उन्हात मुरलेला. पण त्याआधी तो अमेरिकेत पगारी खेळाडू होता. त्यांच्या त्या धसमुसळ्या फुटबॉलमध्ये चेंडू पिकल्या पपईसारखा लांबट असतो आणि खेळाडू तो हातात घेऊन एकमेकांच्या अंगावर धावून जातात. रफाएल तिथे किकर होता, म्हणजे चेंडू लाथेने दोन उंच खांबांमधून पार करणारा. बाकीचे सामनाभर चिखलात लोळत, हाडं मोडून घेत, आणि हा स्वच्छ कपड्यांत बाकावर बसून राही. मग कधीतरी त्याला बोलावणं येई, क्षणभराचं काम, आणि सगळ्यांच्या घामाचं चीज व्हायचं की माती, ते त्या क्षणात ठरे.

अशाच एका क्षणी त्याने मान वर केली. पाय चेंडूला लागून जाईपर्यंत किकरने नजर जमिनीवर खिळवून ठेवायची असते. खांबांकडे पाहायचा मोह झाला की पाय वाट चुकतो. हंगामाच्या अखेरच्या सामन्यात, अखेरच्या किकला, त्याला तो मोह झाला. चेंडू खांबाबाहेरून गेला आणि त्याच आठवड्यात संघाने त्याला नारळ दिला. जुन्या दुखण्याविषयी बोलावं तसा तो याविषयी शांतपणे बोले. मला मात्र ऐकून वाईट वाटे, कारण वर्कशॉपमध्ये कुणी नवा माणूस आला की ‘हा पूर्वी मोठा खेळाडू होता’ अशीच रफाएलची ओळख करून देत, आणि दर वेळी तो जरासा हसून बुटांकडे पाही.

चेंडू उभा धरायला माणूस लागतो. ते काम माझ्याकडे आलं. वाळूवर गुडघा टेकायचा, चेंडूच्या वरच्या टोकावर एक बोट ठेवायचं, आणि लाथ अंगावर येतेय असं वाटलं तरी ते हलवायचं नाही. पहिल्याच दिवशी तो धावत आला तेव्हा माझी अशी तंतरली की सवयीने मी बोट काढून क्रुसाची खूण केली. चेंडू आडवा, लाथ हवेत, आणि पाठोपाठ रफाएल वाळूत. उठून अंग झाडत, गोदीत शिकलेल्या हिंदीत तो म्हणाला, “अंतोन, भगवान बाद में. पहले उंगली.” माझी बायको फिलू अजूनही जेवणाआधीच्या प्रार्थनेला मला हे ऐकवते.

आमचा रविवार तिथे शुक्रवारी येई. मनामाच्या चर्चमध्ये तो आमच्याच बाकावर बसे, स्पॅनिशमध्ये प्रार्थना पुटपुटे आणि मिस्सा आटोपली की आमच्याकडे जेवायला येई. फिलूच्या हमूर माशाच्या कालवणात तिखट कमी आहे, हे म्हणण्याची छाती आजवर त्याच्याशिवाय कुणाची झालेली नाही. हिवाळ्यात उत्तरेचा शमाल वारा सुटून हवेत वाळूची धूसर भुकटी तरळू लागली की तो खुलत असे; उन्हाळ्यात समुद्राची वाफ अंगाला चिकटली की अबोल होई. पण ऋतू कुठलाही असो, जेवण झाल्यावर खिडकीशी बसला की त्याचा उजवा पाय चटईवर आपल्याच तंद्रीत हलत राही. त्या पायाला अजून निवृत्ती मान्य नव्हती.

सौदीकडे जाणारा पूल समुद्रात उभा राहू लागला होता, त्या सुमारास कॅनडातल्या एका संघाचा त्याला फोन आला. चाचणीला ये. कंपनीने रजा नाकारली. म्हणजे राजीनामा, व्हिसा कॅन्सल, परतीची वाट बंद. आणि गावी बायको-मुलगी त्याच्याच पगारावर. निवड झाली नाही तर ना खेळ, ना नोकरी.

“याला तुम्ही तरी समजवा,” फिलू मला म्हणाली. “बरं चाललंय ते सोडून हा लाथा मारायला कुठे निघालाय?”

मी ते इंग्रजीत सांगितलं. रफाएल एवढंच म्हणाला, “इंशाल्ला.”

“इंशाल्ला काय! पगार इंशाल्ला येतो का?” ती भडकली, आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

शेवटच्या शुक्रवारी सूर्य पाण्यातून वर येईपर्यंत आम्ही वाळूवर होतो. त्या पहाटे त्याची एकही किक चुकली नाही असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण चेंडू धरणाऱ्यानेही वर पाहायचं नसतं. मग तो बूट काढून वाळू झटकत बसला.

“भीती वाटते?” मी विचारलं.

“खूप,” तो म्हणाला. मला तिथेच रडू आलं, आणि त्याने सभ्यपणे समुद्राकडे पाहिलं.

वर्ष उलटल्यावर गोदामाच्या फोनवर त्याचा आवाज आला. तेव्हा फिलू माझा डबा घेऊन आली होती. संघाने त्याला घेतलं होतं. एक हंगाम तो खेळला, मग मांडीचा स्नायू फाटला आणि संघाने पुन्हा निरोप दिला. आता गावी ट्रक चालवत होता. “खलास,” तो हसत म्हणाला. फिलूने रिसीव्हर माझ्या हातातून ओढून घेतला आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, मग जाऊन काय मिळवलंस रे बाबा?

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग रिसीव्हर माझ्याकडे देऊन म्हणाली, “तो म्हणतो, एक अख्खा हंगाम मला कुणी विचारलं नाही की तू पूर्वी कोण होतास.”

बहरीनमध्ये आम्ही सगळेच मनाने एक तर मागे ठेवलेल्या घरात राहत होतो, नाहीतर पुढे बांधायच्या घरात. मधली वर्षं कधी आली आणि कधी सरली, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. रफाएल आज कुठे आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण कधी त्या वर्षांची आठवण निघते, मी तिथे स्वतःला शोधू लागतो, आणि मी फारसा सापडत नाही, तो सापडतो.